सनद, स्वयंसेवक आणि हेगचे न्यायासन

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वापी स्थानक लागते. त्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी दमण आहे, आणि पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रोखाने, प्रथम दादरा हा तीन गावांचा चिमुकला तुकडा आणि त्यानंतर, मध्ये भारताच्या हद्दीतील जमिनीची एक पट्टी सोडून, दमणगंगेच्या खोऱ्यात पसरलेला नगरहवेलीचा परगणा लागतो. दोन्ही मिळून ७२ गावे, सुमारे ४९० चौरस किलोमीटर क्षेत्र, सागाखैराचे दाट अरण्य, आणि त्यात राहणारे चाळीस हजारांच्या आसपास लोक, ज्यांत वारली, धोडिया, कोकणा आणि काथोडी यांचीच संख्या मोठी. हा मुलूख १९५४ च्या पावसाळ्यापर्यंत पोर्तुगालच्या अमलाखाली होता. दमणच्या गव्हर्नराला आपल्याच अंमलदाराची गाठ घ्यावयाची झाली तरी भारताच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि दादऱ्याहून नगरहवेलीचे मुख्य ठाणे सिल्वासा येथे जाताना तेच पुन्हा करावे लागे. पुढे जे घडले त्याचे मर्म बव्हंशी या भूगोलातच आहे. शौर्याची कथा सांगण्याच्या भरात आपले लेखक बहुधा त्याकडे दुर्लक्ष करतात.

समुद्रापासून दूर, डोंगराच्या कुशीत, पोर्तुगीज आले तरी कसे, हा प्रश्न वाचकाच्या मनात साहजिकच येईल, आणि त्याचे उत्तर लिस्बनपेक्षा पुण्याच्या दफ्तरात शोधावे लागते. वसईच्या पाडावानंतर मराठे आणि पोर्तुगीज यांचे वैर निवळत गेले. पुढे, नारायणरावाच्या वधानंतर, नाना फडणिसांच्या कारभारात, जेव्हा इंग्रजांशी उघड युद्ध जुंपले होते आणि पुणे दरबारास पश्चिम किनाऱ्यावर एखादा तरी मित्र असणे अगत्याचे वाटत होते, तेव्हा १७ डिसेंबर १७७९ रोजी सवाई माधवरावाच्या नावे पोर्तुगीजांशी तह झाला. त्यात त्यांना दमणच्या बाजूस सालीना बारा हजार रुपये महसुलाची गावे तोडून देण्याचे कबूल करण्यात आले. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पकडलेल्या सांताना नामक पोर्तुगीज जहाजाची भरपाई म्हणून हे दान झाले, असेही सांगितले जाते. कबुली झाली तरी अंमलबजावणी रेंगाळली, जी त्या काळच्या कारभाराची रीतच होती, आणि १७८३ साली नगरहवेलीची व १७८५ साली दादऱ्याची सनद निघून एकदाचा पोर्तुगीजांना दखल मिळाला. या सनदांतील शब्दांचा कीस आणखी पावणेदोनशे वर्षांनी, युरोपातील एका न्यायालयात, पंधरा न्यायाधीशांसमोर पाडला जाईल, असे त्या लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नीही आले नसेल.

पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल आला आणि गेला, पण ही ७२ गावे जिथल्या तिथे राहिली. १९४७ नंतर फ्रान्सने आपल्या वसाहतींविषयी वाटाघाटी चालू केल्या, आणि १९५४ च्या अखेरीस पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती आला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार मात्र वेगळ्या मुशीतला मनुष्य होता. त्याने १९५१ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून वसाहतींचे ‘सागरपार प्रांत’ असे नामकरण केले, आणि गोमंतक हा पोर्तुगालचाच अवयव असल्याने त्याविषयी बोलणे म्हणजे स्वदेशाचे विच्छेदन मान्य करणे होय, अशी भूमिका घेतली. बोलणी करावयास समोर कोणी उरले नाही, तेव्हा जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. सरकारी पातळीवरचा मार्ग तिथे खुंटला.

याच वेळी मुंबईत आणि पुण्यात काही तरुणांचे लक्ष नकाशावरील या दोन ठिपक्यांकडे वळले. गोव्यावर चालून जाणे म्हणजे सैन्याशी आणि समुद्राशी गाठ. दादरा-नगरहवेलीत सैन्य नाही, बंदर नाही, विमान उतरण्यास जागा नाही, काही ठाणी आणि त्यांतील सशस्त्र शिपाई एवढाच काय तो बंदोबस्त. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांनी त्या प्रदेशात वारंवार जाऊन वाटा, ठाणी आणि माणसे यांची माहिती गोळा केली. एकोणीसशे चौपन्नच्या उन्हाळ्यात आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघातील काही मंडळी आणि गोमंतकीयांच्या इतर संघटना यांत या कामापुरता मेळ बसला. विचारांनी ही माणसे एका पंगतीत बसणारी नव्हती. फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखालचे गोमंतकीयांचे एक निराळे पथक होते, विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी यांचे दल निराळे होते, आणि नगरहवेलीच्या दक्षिणेस, डहाणू-तलासरीच्या बाजूला, कम्युनिस्टांचे वारली कार्यकर्ते होतेच, ज्यांना वेठबिगारीविरुद्धच्या १९४५ च्या लढ्याने संघटित होण्याची सवय लावली होती आणि ज्यांचे आप्तसोयरे हद्दीच्या पलीकडे राहत होते. यांतील प्रत्येक गटाच्या आठवणींत नंतर आपापल्या पराक्रमाची बाजू उजळ आणि इतरांची अंधुक होत गेली. चळवळींच्या इतिहासात हे नेहमीचेच.

पैशाचा प्रश्न मोठा होता, आणि तो सुटला संगीताने. सुधीर फडके हे त्या काळी गायक आणि संगीतकार म्हणून महाराष्ट्रभर विख्यात झालेले होते. त्यांनी लता मंगेशकरांना गळ घातली आणि पुण्यात त्यांच्या गायनाचा कार्यक्रम करून लढ्यासाठी निधी उभारला. फडके निधी देऊन थांबले नाहीत, स्वतः मोहिमेत उतरले, आणि त्यांच्या पत्नी ललिताबाई याही या कार्यात सहभागी झाल्या. सिल्वासाच्या मोहिमेनंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचा आरंभ झाला. मराठी माणूस ज्या आवाजाने राम ओळखू लागला तो आवाज त्याआधीच्या पावसाळ्यात एका ठाण्यावरील छाप्यात होता, हे गीतरामायणाच्या किती श्रोत्यांस ठाऊक असेल, याची शंका वाटते. शिवचरित्रासाठी गडकिल्ले पालथे घालणारे बाबासाहेब पुरंदरे हेही याच मोहिमेत होते. शिवकालीन छाप्यांची वर्णने पुढे ते ज्या तन्मयतेने करीत, तिच्यामागे केवळ बखरींचे वाचन नव्हते, असे मानण्यास यामुळे जागा आहे.

पहिला वार दादऱ्यावर झाला. एकवीस जुलैच्या रात्री मस्कारेन्हस आणि देसाई यांच्या पथकाने तेथील ठाण्यावर हल्ला केला. ठाण्याचा प्रमुख अनिसेतो दो रोझारियो याने शस्त्र खाली ठेवण्यास नकार दिला आणि तो मारला गेला. त्याच्यासोबत अँतोनियो फर्नांडिस नावाचा शिपाईही. पोर्तुगालने मरणोत्तर दोघांनाही आपला उच्च सन्मान दिला. आपल्याकडील वर्णनांत या दोघांची नावे क्वचितच येतात, किंबहुना एखाद्या वाक्यात त्यांना वाटेतून दूर केले जाते. परंतु लढ्याची हकिकत सांगताना समोरचा माणूस आपल्या जागी उभा राहून मेला हे सांगितल्याने लढणाऱ्यांच्या वाट्याचे श्रेय उणे होते, असे मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दादऱ्यात तिरंगा चढला आणि गावचा कारभार पंचायतीकडे गेला.

त्यानंतर आठवड्याने, २८ जुलैस, आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक यांनी दमणगंगेच्या अलीकडील नरोली घेतली. तेथील शिपायांनी फारसा प्रतिकार केला नाही. राहता राहिले सिल्वासा. तिथे कॅप्टन व्हिर्जिलियो फिदाल्गो हा प्रशासक सुमारे दीडशे सशस्त्र शिपायांनिशी होता; उलट बाजूस स्वयंसेवक शंभराच्या घरात, त्यांतील पुष्कळांनी बंदूक जन्मात हाताळलेली नव्हती, आणि बंदुका तरी सर्वांना पुरतील एवढ्या कोठे होत्या? रणशास्त्राच्या हिशेबाने ही मोहीम फसावयास हवी होती. ती फसली नाही याचे कारण फिदाल्गोचा भित्रेपणा असे आपल्याकडे सांगतात, पण त्याच्या जागी बसून पाहिले तर त्याची अवस्था निराळी दिसते. दादरा गेलेले, नरोली गेलेली, दमणहून कुमक येण्याची वाट भारताने बंद केलेली, सीमेवर भारताचे राखीव पोलीस दल उभे, आणि ज्या वारल्यांवर राज्य करावयाचे त्यांच्यापैकी एकही त्याच्यासाठी अंगठा हलविणार नाही हे त्याला पुरते माहीत. तो आपले बहुसंख्य शिपाई घेऊन दक्षिणेस खानवेलच्या अरण्याकडे निघून गेला. दोन ऑगस्टच्या पहाटे स्वयंसेवक सिल्वासात शिरले तेव्हा ठाण्यात मूठभर शिपाई उरले होते. त्यांनी शरणागती पत्करली. फिदाल्गो आणि त्याची माणसे काही दिवस पावसात, डोंगरात भटकत राहिली, आणि अखेर ११ ऑगस्टला उधवा येथे भारतीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाली. पहिल्या छाप्यापासून तीन आठवड्यांत, पावणेदोनशे वर्षांचा अंमल आटोपला.

आता दिल्लीच्या भूमिकेविषयी. पंडित नेहरूंनी बळाचा वापर न करण्याची आपली प्रतिज्ञा सोडली नाही, सैन्य पाठविले नाही, आणि मुक्त झालेला प्रदेश ताब्यातही घेतला नाही. यावरून मराठी वृत्तपत्रांनी आणि नेत्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली, ती अद्याप चालू आहे. गोव्याच्या बाबतीत ती टीका मला पुष्कळ अंशी रास्त वाटते. येथे मात्र, हेतुपुरस्सर असो की नुसत्या संकोचापोटी असो, तो अलिप्तपणाच उपकारक ठरला. सरकारने केले ते एवढेच की दमणहून दादऱ्याकडे जाणारी वाट अडवली. स्वयंसेवकांनी ठाणी घेतली ती या अडलेल्या वाटेच्या बळावर, आणि वाट अडविणे न्याय्य ठरले ते ठाणी घेणारे सरकारी चाकर नव्हते म्हणून. दोहोंपैकी एक जरी कडी निखळली असती तरी पुढचा खटला भारत हरला असता, असे निकालपत्र वाचताना वाटते.

खटल्याची कथा तर मोहिमेहूनही चित्तवेधक आहे. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, आणि आठच दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद गुदरली. फिर्यादीचा आशय असा की, दमणहून या परगण्यांकडे माणसे, माल आणि आवश्यक तर सशस्त्र दल नेण्याचा आमचा हक्क पूर्वापार आहे, भारताने तो १९५४ मध्ये रोखला, आणि त्यामुळेच आमचा अंमल उखडला गेला. फिर्याद स्वयंसेवकांवर नव्हती, असू शकतही नव्हती. ती वाटेविषयी होती. भारताचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी परदेशी विधिज्ञांच्या साहाय्याने बाजू मांडली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषविलेले महंमद करीम छागला हे या खटल्यापुरते भारताकडून न्यायासनावर बसले. न्यायालयाला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असे सहा आक्षेप भारताने आरंभी घेतले. १९५७ मध्ये त्यांपैकी चार फेटाळले गेले आणि दोन मुख्य सुनावणीत घेण्याचे ठरले.

मग निघाला १७७९ चा तह. पोर्तुगालचे म्हणणे असे की, त्या तहाने पेशव्यांनी या गावांचे सार्वभौमत्वच आम्हांस दिले. भारताचे उत्तर असे की, दिला तो केवळ महसूल, आणि तोही जहागीर किंवा सरंजाम म्हणून, जसा तो पेशवाईत शेकडो सरदारांना आणि देवस्थानांना दिला जाई, आणि धन्याची मर्जी फिरताच परत घेतला जाई. तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायालयापुढे आले, आणि युरोप, अमेरिका व आशियातील न्यायाधीशांना सरंजाम आणि स्वामित्व यांतील भेद समजून घ्यावा लागला. न्यायालयाने निष्कर्ष काढला तो भारताच्या बाजूने: तहाच्या भाषेतून सार्वभौमत्व देण्याचा उद्देश सिद्ध होत नाही, सनदांतून तर केवळ महसुली हक्क दिल्याचेच स्पष्ट होते, आणि अशा दानाचा अर्थ कधी सार्वभौमत्वाचे हस्तांतर असा लावला गेल्याचे एकही उदाहरण दाखविले गेलेले नाही. मराठा राज्याच्या कारभाराची परिभाषा जगाच्या सर्वोच्च न्यायासनाने इतक्या बारकाईने तपासल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

परंतु एवढ्यावर फिर्याद निकालात निघाली नाही. पेशव्यांनी जे दिले नव्हते ते इंग्रजांनी, काही न लिहिता, देऊन टाकले होते. पेशव्यांच्या जागी आल्यावर त्यांनी या गावांतील पोर्तुगीज अंमलास कधी हरकत घेतली नाही, तो गृहीत धरूनच व्यवहार केला, आणि त्यामुळे गर्भितार्थाने सार्वभौमत्व मान्य झाले. स्वतंत्र भारतानेही आरंभी तोच शिरस्ता चालू ठेवला. एका राज्याने सनदेत जपून राखलेली गोष्ट दुसऱ्याने दुर्लक्षाने गमावावी, हे पाहून अठराव्या शतकातील पुण्याचे कारकून नक्कीच हळहळले असते.

बारा एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सशस्त्र दल, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांविषयी मात्र तसा हक्क नाही, कारण इंग्रजी अमदानीतही त्यासाठी दर वेळी परवानगी लागत असे. हे मत आठ विरुद्ध सात असे निसटते पडले. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले काय, या अखेरच्या प्रश्नावर नऊ विरुद्ध सहा मतांनी उत्तर आले: नाही. दादऱ्यातील उठावानंतर सीमेवर जो क्षोभ माजला होता तो पाहता वाट बंद करणे हे भारताच्या नियमनाच्या अधिकारात बसत होते. ज्या छाप्याला नेहरूंनी उघड पाठिंबा दिला नव्हता, त्या छाप्याने निर्माण झालेल्या परिस्थितीनेच त्यांच्या सरकारचा बचाव केला.

या सहा-सात वर्षांत तो मुलूख कोणाचा होता? प्रत्यक्षात पाहिले तर कोणाचाच नाही. पोर्तुगाल गेलेला, भारत न आलेला, आणि मध्ये वरिष्ठ पंचायत नावाची लोकप्रतिनिधींची सभा सल्ला देणारी, आणि प्रशासक कारभार पाहणारा. आप्पासाहेब करमळकर हे पहिले प्रशासक. शाळा, दवाखाने, रस्ते, न्यायदान, सारे काही, जगाच्या नकाशात नसलेल्या या राज्याने स्वतःच्या हिमतीवर आणि भारतीय अधिकाऱ्यांच्या उसनवार मदतीवर चालविले.

दादऱ्याचे यश पाहून पुष्कळांना वाटले की गोव्याचेही असेच होईल. पंधरा ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही निःशस्त्र सीमा ओलांडून गोव्यात शिरले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, आणि वीसांहून अधिक माणसे ठार झाली. गोव्याला मुरगावचे बंदर होते, सैन्य होते, लिस्बनहून येणारी जहाजे होती. वाट अडवून अडवायची कोणती? तो प्रश्न सुटला १९६१ च्या डिसेंबरात, आणि सैन्यानेच सोडविला. नगरहवेलीच्या लढ्यातील मोहन रानडे यांना तर गोव्यातील बेती येथील छाप्यात पकडून लिस्बनच्या तुरुंगात पाठविण्यात आले. गोवा मुक्त झाल्यानंतरही ते सुटले नाहीत, १९६९ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी समिती स्थापून खटपट करणारे पुन्हा सुधीर फडकेच.

नगरहवेलीच्या विलीनीकरणाचा विधी मोठा मौजेचा झाला. वरिष्ठ पंचायतीने जून १९६१ मध्ये भारतात सामील होण्याचा ठराव केला. पण करार करावयाचा तर दुसऱ्या बाजूस कोणी राज्यप्रमुख हवा. म्हणून भारतीय प्रशासकीय सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते त्या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले, आणि त्यांनी भारताच्या पंतप्रधानांबरोबरच्या करारावर सही केली. राज्यघटनेची दहावी दुरुस्ती होऊन ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश केंद्रशासित झाला. फिदाल्गोने शस्त्र ठेवले तीही तारीख अकरा ऑगस्टच. पोर्तुगालने हे वास्तव मान्य केले ते आणखी तेरा वर्षांनी, सालाझारची राजवट कोसळल्यानंतर, १९७४ च्या अखेरच्या दिवशी झालेल्या तहाने.

स्वयंसेवक आपापल्या गावी, आपापल्या नोकऱ्यांकडे परतले. त्यांतील अनेकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारदरबारी मान्यता मिळण्यासाठी दीर्घ काळ खेटे घालावे लागले. ज्यांच्या भूमीसाठी हे सारे झाले त्या वारल्यांचा प्रश्न तर याहूनही चिवट निघाला. पोर्तुगीजांनी १९१९ च्या सुमारास शेतीसंबंधी जो कायदा केला, त्याअन्वये मोठमोठ्या जमिनी ‘अल्वारा’ नावाच्या पट्ट्याने देण्यात आल्या होत्या, आणि पट्टेदार बहुधा बाहेरचे असत. कसणारा आदिवासी आणि जमीन दुसऱ्याच्या नावे, ही व्यवस्था ध्वज बदलल्याने बदलली नाही. अल्वारे रद्द करणारा जमीनसुधारणेचा कायदा आला तो १९७१ मध्ये, आणि पट्टेदारांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतल्याने सनदांप्रमाणेच त्या पट्ट्यांच्या शर्तींचाही कीस काढणे पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.